वाचकांचे प्रश्न : खंभातचा मणी, बार्बाडोसची माती

गेल्या अंकात, कॅरिबियन बेटांवरील गुलामगिरीची माहिती आपल्याला कोणत्या जुन्या चित्रांतून मिळते, या प्रश्नाला उत्तर देताना ‘ब्रूक्स’ या गुलामवाहू इंग्लिश जहाजात माणसे किती दाटीने भरत हे दाखवणाऱ्या आराखड्याविषयी मी थोडे लिहिले होते. त्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सगळे सदर त्याच विषयाला द्यावे, असे संपादकांनी सुचवले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रारंभी एक दुरुस्ती. हा आराखडा प्रथम लंडनमध्ये छापला गेला, असे माझ्याकडून लिहिले गेले. ते चूक आहे. १७८८ च्या अखेरीस प्लिमथ येथील गुलामव्यापारविरोधी समितीने तो प्रथम छापला आणि त्यानंतर १७८९ मध्ये लंडनच्या समितीने त्याची मोठी, सुधारलेली आवृत्ती काढली. ही चूक दाखवून देणारे कारेलीबागेतील वाचक आमचा अंकच लाल शाईने खुणा करून परत पाठवतात. त्यांचे आभार मानताना शाळेतल्या वहीची आठवण येते.

प्रश्न : नातवाने संगणकावर वेस्ट इंडीजची अठराव्या शतकातील काही रंगीत चित्रे दाखवली. बाजार भरला आहे, बायकांनी पांढरेशुभ्र घोळदार झगे घातले आहेत, डोक्याला फडकी ऐटीत गुंडाळली आहेत, एका चित्रात तर डफाच्या तालावर नाच चालला आहे. कोठेही चाबूक नाही, साखळी नाही. मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली आणि ‘दिसते ते काढा’ असे मुलांना सांगत आलो. मग हा चित्रकार खोटे बोलतो की आपण वाचलेला इतिहास अतिरंजित आहे? (दांडिया बाजार, बडोदे)

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून ही चित्रे आगोस्तिनो ब्रुनियास या इटालियन चित्रकाराची असावीत. ब्रुनियास मूळचा रोमचा. १७६३ च्या पॅरिसच्या तहाने डोमिनिका, सेंट व्हिन्सेंट, ग्रेनाडा आणि टोबॅगो ही बेटे इंग्लंडच्या पदरात पडली आणि तेथील जमिनींचे तुकडे पाडून ते इंग्लिश गिऱ्हाइकांना विकण्याचे काम सर विल्यम यंग यांच्याकडे आले. त्यांनी आपल्याबरोबर ब्रुनियासला नेले. पुढे त्याच्या आयुष्याचा मोठा भाग तिकडेच गेला आणि १७९६ मध्ये डोमिनिकातील रोझो या गावी तो वारला. आता विचार करा की जमीन विकणाऱ्याच्या पदरी असलेल्या चित्रकाराने काय रंगवावे. गिऱ्हाइकाला बेट सुपीक आहे, हवा चांगली आहे आणि माणसे सुखात आहेत, एवढे दिसले की काम झाले.

म्हणून ब्रुनियास खोटे बोलतो, असे मी म्हणणार नाही. त्याने पाहिले तेच काढले, पण कोणत्या दिवशी आणि कोणत्या ठिकाणी उभे राहून पाहायचे हे त्याच्या यजमानाने ठरवले. आपल्या लक्ष्मीविलास राजवाड्यातील तैलचित्रे पाहून छप्पन्नच्या (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० च्या) दुष्काळाचा अंदाज कोणी बांधू लागला तर आपण त्याला वेड्यात काढू. तसेच हे आहे. ब्रुनियासचा दिवस बहुधा रविवारचा असतो. त्या दिवशी मळ्यावरच्या कामाला सुटी असे आणि गुलाम बाजारात येत. त्यांना मळ्याच्या कडेला, उसाला निरुपयोगी असा जमिनीचा तुकडा दिलेला असे. मालकाचे काम उरकल्यावर उरलेल्या वेळात त्यावर कंदमुळे, केळी, भाजी पिकवायची, त्यातच पोट भरायचे आणि उरलेले रविवारी विकायचे, अशी रीत होती. या औदार्यात मालकाचा धान्याचा खर्च वाचत होता, हे चित्रात दिसत नाही. चित्राच्या मधोमध छत्रीखाली ऐटीत उभ्या असलेल्या स्त्रिया पुष्कळदा गुलाम नसून मुक्त, मिश्रवंशीय स्त्रिया आहेत. त्यांचे झगे खरे आहेत आणि त्यांचा ताठाही खरा आहे. किंबहुना, अशा स्त्रियांचा एक वर्ग या बेटांवर होता, हे पुढील पिढ्यांना डोळ्यांनी पाहता आले ते ब्रुनियासमुळेच. जाता जाता सांगतो, त्या बेटांवर पुढे डोक्याला बांधायचा जो चौकडीचा रुमाल रूढ झाला त्याला आजही ‘मद्रास’ म्हणतात. तो तेथे आपल्या पूर्व किनाऱ्यावरून गेला आणि डोमिनिका व सेंट लुशिया या देशांच्या राष्ट्रीय पोशाखात अजून आहे.

मात्र आपण चित्रकलेचे शिक्षक आहात, तेव्हा आपल्याला एक काम सांगतो. ब्रुनियासच्या चित्रांत ऊस शोधा. ज्या पिकासाठी ही बेटे जिंकली, विकली आणि माणसांनी भरली, ते पीक त्याच्या चित्रांत फारसे सापडणार नाही. त्यासाठी विल्यम क्लार्क या इंग्लिश माणसाने काढलेली अँटिगा बेटाची दहा दृश्ये पाहावी लागतात. ती १८२३ मध्ये छापली गेली. क्लार्कही गुलामगिरीचा विरोधक म्हणून रंगवत नव्हता आणि त्याच्या चित्रांतही सारे नीटनेटके, धुतल्यासारखे आहे. पण त्याने काम दाखवले. लागणीसाठी चौकोनी खड्डे खणणारी माणसे कुदळी घेऊन एका रांगेत उभी आहेत, आणि त्या रांगेतच सगळा मळा समजतो, कारण एकाने कुदळ उचलली की सर्वांनी उचलायची आणि थकलेल्याने मागे राहायचे नाही, अशी ती व्यवस्था होती.

त्याचे रस आटवण्याच्या कारखान्याचे आतले दृश्य आपल्यापैकी ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांनी अवश्य पाहावे. आपल्या गुऱ्हाळात चुलवाणावर साधारणतः एक मोठी काहील असते. येथे काहिलींची रांग आहे. पहिली सर्वांत मोठी, पुढची तिच्याहून लहान आणि शेवटची सर्वांत लहान व सर्वांत तापलेली. रस लांब दांड्याच्या पळ्यांनी एकीतून दुसरीत ओतत न्यायचा आणि शेवटच्या काहिलीत साखर धरू लागली की तो नेमका त्या क्षणी उतरवायचा. हा क्षण ओळखणारा कसबी माणूस गुलामच असे आणि मळ्याचा सारा नफा त्याच्या नजरेवर अवलंबून असे. साखर पिंपांत भरून ठेवली की काकवी खाली निथळे आणि तिची रम करीत. ऊस तोडल्यावर रस लगेच काढून आटवावा लागतो, नाही तर तो आंबतो. म्हणून हंगामात चरक आणि चुली रात्रंदिवस चालत. झोपेने पेंगलेल्या माणसाचा हात उसाबरोबर चरकाच्या फिरत्या रुळांत जाई. अशा वेळी हात तोडून माणूस सोडवता यावा म्हणून चरकाजवळ कुऱ्हाड ठेवलेली असे, असे त्या काळच्या अनेक वृत्तांतांत नमूद आहे. क्लार्कच्या चित्रात चरक आहे. कुऱ्हाड मला दिसली नाही. आपली नजर माझ्यापेक्षा तयार आहे.

प्रश्न : मी येथे ललित कला शिकते. ‘ब्रूक्स’चा आराखडा गुलामगिरीच्या विरोधकांनी काढला, असे आपण लिहिले आहे. पण त्यातील माणसे माणसांसारखी वाटतच नाहीत, कापडावर ठसे मारावेत तशी वाटतात. विरोधकांनीही त्यांना चेहरा दिला नाही, असे नाही का? (फतेहगंज, बडोदे)

उत्तर : आपली उपमा अगदी योग्य आहे, आणि तो परिणाम काही अंशी मुद्दामच साधलेला आहे. १७८८ मध्ये इंग्लंडच्या संसदेने गुलामवाहू जहाजांवरील गर्दीला मर्यादा घालणारा कायदा केला आणि त्या सुमारास ‘ब्रूक्स’ हे लिव्हरपूलचे जहाज प्रत्यक्ष मोजले गेले. विरोधकांनी तीच मापे घेतली. पुरुषाला सहा फूट लांब व एक फूट चार इंच रुंद जागा, स्त्रीला दोन इंच आखूड, मुलीला साडेचार फूट लांब आणि फक्त एक फूट रुंद. या हिशेबाने माणसे मांडत गेल्यावर लंडनच्या आवृत्तीत ४८२ आकृत्या बसल्या. नव्या कायद्याने या जहाजाला ४५४ माणसे नेण्याची परवानगी होती. आणि खाली छापलेल्या मजकुरात सांगितले होते की कायद्यापूर्वीच्या एका सफरीत याच जहाजाने ६०९ माणसे नेली होती. म्हणजे पाहणाऱ्याने चित्रातील दाटी पाहून हबकायचे आणि मग कळायचे की खरी दाटी याहून अधिक होती. सुताराच्या आराखड्याची कोरडी भाषा वापरल्यामुळे ‘हे अतिशयोक्त आहे’ असे म्हणण्याची सोय व्यापाऱ्यांना उरली नाही.

पण आपली तक्रार त्यामुळे खोटी ठरत नाही. त्याच सुमारास, १७८७ मध्ये, जोसाया वेजवुड या मातीकामाच्या कारखानदाराने एक पदक काढले होते. त्यावर गुडघे टेकलेला, बेड्या घातलेले हात जोडलेला एक काळा पुरुष आहे आणि भोवती अक्षरे आहेत, ‘मी माणूस नव्हे काय? तुमचा बंधू नव्हे काय?’ ते इतके लोकप्रिय झाले की लंडनच्या स्त्रिया ते बांगडीत आणि केसांच्या काट्यांत मिरवू लागल्या. विनंती करणारा, गुडघ्यांवर असलेला गुलाम इंग्लंडला रुचला. स्वतः उठून उभा राहिलेला त्याच इंग्लंडला भीतीदायक वाटला. १७९१ मध्ये सेंट-डोमिंग या फ्रेंच वसाहतीत गुलामांनी उठाव केला आणि १८०४ मध्ये तेथे हैती हे स्वतंत्र राष्ट्र झाले. अभ्यासासाठी आपण वेजवुडच्या पदकाशेजारी जिरोदे या फ्रेंच चित्रकाराने १७९७ मध्ये काढलेले जाँ-बातिस्त बेले यांचे व्यक्तिचित्र ठेवून पाहावे. बेले आफ्रिकेत जन्मले, गुलाम झाले, मुक्त झाले आणि सेंट-डोमिंगचे प्रतिनिधी म्हणून पॅरिसच्या राष्ट्रीय सभेत बसले. चित्रात ते तिरंगी कमरपट्टा बांधून, एका तत्त्ववेत्त्याच्या संगमरवरी पुतळ्याला टेकून उभे आहेत. पदक आणि हे चित्र यांच्यामध्ये केवळ दहा वर्षांचे अंतर आहे. पहिल्याला नाव नाही. दुसऱ्याचे नाव आपण घेऊ शकतो.

प्रश्न : आमच्या शेजारी खंभातकडचे एक कुटुंब राहते. अकीक या तांबूस, शोभेच्या दगडाचे मणी करणे हा त्यांचा पिढीजात धंदा. त्यांच्या आजोबांनी सांगितले की खंभातचा एक मणी म्हणे वेस्ट इंडीजमध्ये एका गुलामाच्या थडग्यात सापडला. हे खरे आहे का? आणि गुलामाच्या गळ्यात दागिना कसा असेल? (वाडी, बडोदे)

उत्तर : आजोबांचे म्हणणे खरे आहे, आणि या विषयात मला स्वतःला सर्वांत अधिक गुंतवून ठेवणारी वस्तू हीच आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

बार्बाडोस हे बेट इंग्रजांनी १६२७ मध्ये वसवले आणि १६४० नंतरच्या काही वर्षांत ते उसाने व्यापून गेले. या बेटाच्या दक्षिण भागात न्यूटन नावाचा मळा होता. मळ्यातील गुलामांना उताराच्या, लागवडीला निरुपयोगी जागेत पुरत असत. वर दगड नाही, नाव नाही. १९७१ ते १९७३ या काळात जेरोम हँडलर आणि फ्रेडरिक लँग या अमेरिकी संशोधकांनी तेथे उत्खनन केले आणि सुमारे शंभर माणसांचे अवशेष उजेडात आणले. बहुतेकांबरोबर काही नव्हते, किंवा एखाद-दुसरी वस्तू होती. एक थडगे मात्र निराळे होते. संशोधकांच्या क्रमाने ते ७२ वे. त्यात साधारण पन्नाशीचा पुरुष होता, सतराव्या शतकाच्या शेवटी किंवा अठराव्याच्या प्रारंभी पुरलेला. त्याच्या हातांत धातूची कडी आणि बोटांत अंगठ्या होत्या. जवळ लोखंडी सुरी होती आणि आखूड दांड्याची, पश्चिम आफ्रिकी घडणीची मातीची चिलीम होती. आणि गळ्यात माळ होती. त्या माळेत सात कवड्या, भोके पाडलेले कुत्र्याचे एकवीस सुळे, माशाच्या कण्याचे पाच मणके, युरोपात केलेले चौदा काचमणी आणि एक मोठा, नारिंगीकडे झुकणारा लाल अकीकाचा मणी होता. हा मणी भारतातला, खंभातच्या घडणीचा असल्याचे संशोधकांनी ओळखले. अशी माळ आणि अशी चिलीम बाळगणारा हा माणूस आपल्या लोकांत वैदू आणि दैवज्ञ म्हणून मान असलेला असावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

आता मण्याकडे पाहू. अकीकाचे दगड नर्मदेच्या दक्षिणेला, झगडियाजवळच्या रतनपूरच्या टेकड्यांतून निघतात. खाणीतून काढलेला दगड मळकट पिवळा-तपकिरी असतो. तो आधी उन्हात वाळवतात आणि मग मडक्यांत घालून मंद आचेवर भाजतात, तेव्हा त्यातल्या लोहामुळे त्याला लाल रंग चढतो. घाई झाली तर दगड तडकतो. मग कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी खुंटीच्या टोकावर तो दगड टेकवतो आणि शिंगाचे डोके बसवलेल्या हलक्या हातोडीने वरून टिचक्या मारल्यासारखे ठोके देतो. खपली मात्र खालून, खुंटीच्या बाजूने उडते. ज्याने हे पाहिलेले नाही त्याला हे उलटे वाटेल, पण हातोडीचा घाव आणि दगडाचे तुटणे या दोन जागा वेगळ्या ठेवणे हेच त्यातले कसब आहे. आकार आल्यावर घासणे, चकाकी देणे आणि हिऱ्याची कणी बसवलेले गिरमिट कमानीने फिरवून भोक पाडणे. आपल्या बडोद्याच्या विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागातील अभ्यासकांनी या धंद्याची बारकाईने नोंद केली आहे, कारण हडप्पा काळातील मणी कसे घडले असतील याची किल्ली त्यांना या जिवंत कारखान्यांत सापडली.

असा मणी खंभातहून निघाला की अरबस्तान आणि पूर्व आफ्रिकेकडे जाण्याची त्याची वाट फार जुनी होती. सतराव्या शतकात तिला दुसरी वाट जोडली गेली. सुरतेच्या वखारींतून युरोपी कंपन्या अकीकाचे मणी युरोपात नेऊ लागल्या आणि तेथून ते पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या मोबदल्यात दिले जाऊ लागले. इंग्लिश व्यापाऱ्यांच्या बोलीत या मण्यांना ‘आरँगो’ असा स्वतंत्र शब्दच होता. कवड्यांचे तसेच. त्या मालदीवच्या समुद्रातल्या. बंगालमध्ये आणि पश्चिम आफ्रिकेतही त्या चलन म्हणून चालत. जहाजाचा तोल राहावा म्हणून त्या तळाशी भरून युरोपात नेत, तेथे त्यांचा लिलाव होई आणि मग त्या आफ्रिकेला जात. ‘कवडीमोल’ हा शब्द आपण सहज वापरतो. पश्चिम आफ्रिकेच्या बाजारात मात्र कवड्या मोजून माणूस विकला जात होता.

आणि कापड. सुरत, भडोच, बडोदे या पट्ट्यात विणलेले निळे, पट्ट्यापट्ट्यांचे आणि चौकडीचे सुती कापड इतक्या मोठ्या प्रमाणावर त्या किनाऱ्यावर खपत असे की इंग्रज त्याला ‘गिनीचे कापड’ म्हणत. विणकराला आपला ताणा कोणाच्या अंगावर जातो आणि कोणाच्या बदल्यात जातो याची खबर नव्हती. पण माल आपला होता. गुलामांच्या व्यापाराचे वर्णन युरोप, आफ्रिका आणि अमेरिका असा त्रिकोण काढून करण्याची पद्धत आहे. त्या त्रिकोणात गुजरातचा किनारा बसत नाही, म्हणून तो आपण अभ्यासक्रमाबाहेर ठेवला. अटलांटिक ओलांडण्यासाठी आफ्रिकेत सुमारे १ कोटी २५ लाख माणसे जहाजांत भरली गेली आणि पलीकडे जिवंत उतरली ती सुमारे १ कोटी ७ लाख. त्यांतील किती जणांची किंमत कापडात आणि कवडीत चुकती झाली, याचा विचार खंभातच्या मण्याचा अभिमान बाळगताना मनात राहावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

या गोष्टीला आणखी एक पदर आहे. रतनपूरच्या त्याच टेकडीवर बाबा गोर या पिराचा दर्गा आहे. तो सिद्दी समाजाचा. बाबा गोर आफ्रिकेतून आले आणि अकीकाचा व्यापार त्यांनी भरभराटीस आणला, अशी सिद्दींची श्रद्धा आहे. सिद्दींचे पूर्वज हिंदी महासागरावरून आले, त्यांतले बरेच गुलाम म्हणूनच आले. आपल्याकडे गुलामी नव्हती, असे मानणाऱ्यांनी मलिक अंबर आठवावा. मात्र लहानपणी विकला गेलेला तो मुलगा अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. बार्बाडोसच्या मळ्यावर हे घडणे शक्यच नव्हते, कारण १६६१ च्या तेथील कायद्याने गुलामाला मालमत्तेच्या रांगेत बसवले होते आणि आई गुलाम तर मूल गुलाम, अशी रीत होती.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे गुलामाच्या गळ्यात दागिना कसा, याकडे मी अखेरीस येतो. त्या माळेतील कुत्र्याचे सुळे आणि माशाचे मणके बेटावरच मिळण्यासारखे आहेत. कवड्या, काचमणी आणि अकीक एकेक करून, देवाणघेवाणीने, कदाचित उपचाराची दक्षिणा म्हणूनही जमले असतील. त्यांना बाजारात किंमत होती. त्याच्या लोकांनी ती माळ विकली नाही, काढून घेतली नाही. त्याच्या गळ्यातच ठेवून त्याला मातीत निजवले. ब्रुनियासची चित्रे सर विल्यम यंग यांनी काढून घेतली, ‘ब्रूक्स’चा आराखडा समितीने छापला आणि पदक वेजवुडने घडवले. न्यूटन मळ्यावरची ही माळ तेवढी गुलामांनी स्वतः, आपल्यासाठी मांडलेली आहे.

प्रश्न : माझ्या संग्रहात बडोदे संस्थानची बाबाशाही नाणी आहेत. एका विक्रेत्याच्या यादीत ‘बार्बाडोस पेनी, १७८८’ असे तांब्याचे नाणे दिसले, त्यावर मुकुट घातलेला आफ्रिकी माणूस आहे. गुलामांच्या बेटावर आफ्रिकी राजाचे नाणे कसे? (रावपुरा, बडोदे)

उत्तर : तो राजा नव्हे. नीट पाहिल्यास मुकुटावर शहामृगाची तीन पिसे दिसतील. ती इंग्लंडच्या युवराजाची, प्रिन्स ऑफ वेल्सची, खूण आहे. खाली ‘आय सर्व्ह’, म्हणजे ‘मी सेवा करतो’, अशी अक्षरे आहेत. हे त्याच युवराजाच्या जर्मन ब्रीदवाक्याचे इंग्लिश रूप. युवराजाने म्हटले की ती विनयशीलता आणि गुलामाच्या तोंडी घातले की तो हुकूम, असा हा विनोद आहे. मागच्या बाजूला अननस आहे. फिलिप गिब्ज या मळेवाल्याने ही नाणी खासगीरीत्या पाडून घेतली. ती सरकारी चलन नव्हती. राज्यकर्ता स्वतःचे नाव किंवा देवाचे चिन्ह नाण्यावर घालतो, हे आपल्याला बाबाशाहीवरून ठाऊक आहे. ज्याला विकत घेतले त्याचेच डोके नाण्यावर घालण्याचा प्रकार मला अन्यत्र आढळलेला नाही. किंमत परवडत असेल तर अवश्य घ्यावे.

प्रश्न : त्रिनिदादला गेलेल्या भारतीय मजुरांनाही गुलामच म्हणावे, असे काही जण म्हणतात. त्यांची जुनी छायाचित्रे पाहिली तर स्त्रिया चांदीने मढलेल्या दिसतात. (मांडवी, बडोदे)

उत्तर : ब्रिटिश वसाहतींतील गुलामी १ ऑगस्ट १८३४ रोजी कायद्याने संपली आणि ‘उमेदवारी’ या नावाखाली चालू ठेवलेली सक्तीची मजुरी १ ऑगस्ट १८३८ रोजी संपली. मालकांना नुकसानभरपाई म्हणून २ कोटी पौंड मिळाले, गुलामांना काही नाही. त्या १८३८ मध्येच ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही जहाजे कलकत्त्याहून भारतीय मजूर घेऊन ब्रिटिश गियानात पोहोचली. त्रिनिदादला पहिले जहाज ‘फॅटेल रझाक’ ३० मे १८४५ रोजी लागले. १९१७ मध्ये भरती थांबेपर्यंत गियानात सुमारे २ लाख ३९ हजार आणि त्रिनिदादमध्ये सुमारे १ लाख ४४ हजार माणसे गेली. बहुतेक भोजपुरी पट्ट्यातील होती. ‘अ‍ॅग्रीमेंट’चे त्यांनी ‘गिरमिट’ केले. (आपले मण्याला भोक पाडणारे गिरमिट निराळे, तेही इंग्रजीतूनच आले.) मुदत ठरलेली होती, मजुरी ठरलेली होती आणि मूल जन्मतः कोणाच्या मालकीचे होत नव्हते, म्हणून मी गुलाम हा शब्द वापरणार नाही. पण बराकी पुष्कळदा गुलामांच्याच होत्या आणि परवानगीशिवाय मळा सोडला की तुरुंग होता.

छायाचित्रांबद्दल सांगायचे तर ती बहुतांशी पर्यटकांना विकायच्या पोस्टकार्डांसाठी काढलेली आहेत. चित्रशाळेत उभी केलेली स्त्री, खाली ‘कुली सुंदरी’ अशा धर्तीचा मजकूर, नाव नाही. दांडिया बाजारच्या गुरुजींना जे सांगितले तेच येथेही लागू आहे. चांदी मात्र खरी. मजुरी चांदीच्या नाण्यांत मिळे, बँकेवर विश्वास नव्हता, म्हणून तेथे गेलेले सोनार नाणी वितळवून हसळ्या आणि कडी घडवत. म्हणजे तो शृंगार नव्हता, ती अंगावर बाळगलेली शिल्लक होती.

प्रश्न : एका जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याकडे ‘वेस्ट इंडीजमधील गुलामाची अस्सल बेडी’ मिळत आहे. मुलांना इतिहास शिकवण्यासाठी घ्यावी म्हणतो. (अलकापुरी, बडोदे)

उत्तर : घेऊ नये. लोखंडी बेड्या कैद्यांना घालत, वेड्यांना घालत, जनावरांच्या पायांतही घालत. केवळ लोखंड पाहून ती कोणाच्या पायातली, हे ठरवता येत नाही. ती कोठून निघाली आणि कोणाकोणाच्या हातून आली याची कागदोपत्री साखळी लागते. अशा वस्तूंना मागणी आल्यापासून गंज चढवून जुन्या केलेल्या नव्या बेड्या बाजारात पुष्कळ आल्या आहेत. मुलांना दाखवायचेच असेल तर एका रविवारी गाडी काढून खंभातला जावे आणि खुंटीवर दगड टेकवून बसलेल्या कारागिरासमोर त्यांना तासभर बसवावे. येताना लाल अकीकाचा एक मणी घ्यावा. तो बेडीच्या शंभराव्या हिश्श्यात येईल आणि अस्सल असेल.